जपानी ठसाचित्रांतील क्रौंच

जपानमध्ये लाकडी ठशांनी छापल्या जाणाऱ्या चित्रांना ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘उकियो’ या शब्दाचा मूळ अर्थ दुःखमय जग, असा बौद्ध वळणाचा आहे. तोकुगावा काळात (1603-1868) तो निराळ्या लिपिचिन्हांनी लिहिला जाऊन ‘तरंगते जग’, म्हणजे नगरातील क्षणिक सुखांचे जग, या अर्थी रूढ झाला. एवढ्यावरून या चित्रांतील प्रत्येक पक्ष्यास बौद्ध प्रतीक मानण्याचा मोह होतो. तो आवरणे बरे.

क्रौंचाचेच पाहू. जपानी लोकसमजुतीनुसार क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार. ही कल्पना चीनमधून, ताओमतातील अमरत्वाच्या कथांबरोबर आली. म्हणून विवाहात व नववर्षात क्रौंच मंगल ठरला. आता धम्मपदाच्या जरावग्गातील 155 वी गाथा पाहावी. तारुण्यात ब्रह्मचर्यही आचरिले नाही व धनही मिळविले नाही, अशांना तेथे मासे संपलेल्या तळ्यातील जीर्ण क्रौंचांची उपमा दिली आहे. (पाली ‘कोञ्च’ म्हणजे बगळा की करकोचा, हा वाद आम्ही येथे बाजूस ठेवतो.) जपानी क्रौंचाचे दीर्घायुष्य या गाथेतून आलेले नाही, हे उघड आहे.

चित्रकार हिरोशिगे (1797-1858) याने 1856 साली मुंडन करून प्रव्रज्या घेतली. त्याच वर्षी त्याची एदो नगरीच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, शंभर दृश्यांची चित्रमाला निघू लागली. तीतील मिकावाशिमाच्या चित्रात (1857) दलदलीत एक क्रौंच उभा आहे, दुसरा आकाशातून उतरत आहे. पाहणाऱ्याचे मन निवावे असे हे दृश्य. परंतु तो परिसर शोगुनच्या शिकारीसाठी राखीव होता. सामान्य जनांस क्रौंच मारण्याची सक्त बंदी होती. पक्ष्यांना दाणे घालून जपले जाई, ते शोगुनच्या ससाण्यांनी त्यांना धरावे म्हणून! त्या बंदीत अहिंसा शोधणे व्यर्थ होय.

याच मालेतील मान्नेन पुलाच्या चित्रात एक कासव दोरीने टांगलेले दिसते. ‘होजो-ए’ या बौद्ध विधीच्या दिवशी लोक कोंडलेले पक्षी, मासे व कासवे विकत घेऊन सोडून देत आणि पुण्य जोडीत. मात्र सोडण्यासाठी ते आधी कोणीतरी पकडावे लागत. अंगुत्तरनिकायात उपासकास निषिद्ध अशा पाच व्यापारांत ‘सत्तवणिज्जा’ येते. अट्ठकथा तिचा अर्थ मनुष्यविक्रय एवढाच करते. ‘सत्त’ शब्द मात्र साऱ्या सजीवांना कवेत घेतो.