सापाला आडोसा का लागतो?

आमच्या पिंगुळीत जुनी माणसं साप दिसला की 'जनावर दिसलं' म्हणतात. फुरसं जांभ्याच्या दगडाखाली, धामण गडग्याच्या फटीत. का बरं?

साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. ऊन-सावलीत ये-जा करूनच तो अंगाचं तापमान सांभाळतो. आणि अंगाला चारी बाजूंनी टेकेल अशी अंधारी जागा मिळाली की तो निवांत होतो. दमट बीळ असेल तर कातही सहज सुटते.

आडोसाच नसेल तर? शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. थोडा वेळ वाढलं तर बरंच, पळायला ताकद मिळते. पण ते दिवसेंदिवस चढलेलंच राहिलं, तर बॅकग्राउंडला चालू ॲप जसं बॅटरी खातं तसं होतं. साप खाणं सोडतो, खाल्लेलं ओकतो, रोगाशी लढायची ताकद घटते.

म्हणून सर्पमित्राने साप पकडला, की पारदर्शक बरणीभोवती रील काढत थांबू नका. तो गप्प दिसतो, पण लपायला जागा शोधत असतो. त्याला कापडी पिशवीतला अंधार आणि शांतता द्या, लवकर सोडू द्या. घरात साप निघाला तर स्वतः हात घालू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ सेव्ह करून ठेवा.