चाव्या कोणाच्या हाती? चिकित्सालय व औषधालयासाठी ओळख, प्रवेश आणि उपकरण व्यवस्थापनाच्या क्लाउड प्रणालीची निवड



आपल्या प्रत्येकाच्या औषधालयात विषवर्गातील द्रव्यांचे एक कपाट असते. वत्सनाभ, कुचला, धत्तूरबीज अशी द्रव्ये त्यात कुलूपबंद असतात. किल्ली कोणाकडे आहे, ती केव्हा घेतली, किती द्रव्य काढले याची नोंद ठेवण्यात आपण हयगय करीत नाही. नोकरी सोडून जाणारा मनुष्य आधी किल्ली परत करतो, मगच त्याचा हिशेब होतो. मात्र त्याच औषधालयातील संगणकात हजारो रुग्णपत्रिका ज्या एका पासवर्डमागे असतात, तो पासवर्ड काउंटरवरील पॅडच्या पाठीमागे पेनाने लिहिलेला आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयातही तो तसाच लिहिलेला होता.

सुमारे तीन वर्षांपूर्वी त्याची किंमत कळली. तीन शाखा, एक औषधालय आणि लहानशी निर्माणशाळा मिळून आमच्याकडे बावीस माणसे काम करीत होती. एका शाखेतील सहायक नोकरी सोडून गेला. त्यानंतर सात महिन्यांनी वंध्यत्वाची चिकित्सा घेणाऱ्या एक भगिनी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘वैद्यराज, मी हे फक्त तुम्हालाच सांगितले होते. मग माझ्या सासरच्या नात्यात ही गोष्ट कशी पोहोचली?’’ शोध घेतला तेव्हा दिसले, की तिन्ही शाखा एकाच नावाने व एकाच पासवर्डने रुग्णपत्रिका उघडीत होत्या आणि गेलेल्या सहायकाच्या स्वतःच्या मोबाइलवर ते खाते चालूच होते. परंतु माहिती त्यानेच बाहेर दिली, असे म्हणता येईना. नोंदीत सर्वत्र ‘चिकित्सालय’ एवढे एकच नाव! त्याला दोषी ठरविता येईना आणि बाकीच्या एकवीस जणांना निर्दोषही म्हणता येईना. त्या भगिनी पुन्हा आल्या नाहीत. ही लाज आपल्यापैकी दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ नये, हाच या लेखाचा हेतू आहे.

१. तीन संज्ञांचा अर्थ

या विषयात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली ओळख. संगणकासमोर बसलेली व्यक्ती नेमकी कोण आहे, हे ठरविणे. दुसरा प्रवेश. ती व्यक्ती ओळखल्यावर तिला काय पाहता येईल व काय बदलता येईल, हे ठरविणे. पंचकर्म कक्षातील परिचारकास त्या दिवसाचा उपक्रम व तैल-मात्रा दिसावी, रुग्णाचा पूर्ववृत्तांत दिसण्याचे कारण नाही. औषधालयाच्या काउंटरवर चिकित्सापत्र दिसावे, निर्माणशाळेतील अनुभूत योगांचे घटकप्रमाण दिसू नये. तिसरे उपकरण व्यवस्थापन. ज्या लॅपटॉप, टॅब्लेट वा मोबाइलवरून प्रवेश होतो ते उपकरण कुलूपबंद, अद्ययावत व आपल्या ताब्यात आहे ना, हे पाहणे आणि ते चोरीस गेल्यास त्यातील माहिती दूरवरून पुसणे.

पूर्वी या कामांसाठी कचेरीतच सर्व्हर ठेवावा लागे व तो सांभाळणारा माणूस नेमावा लागे. आता ही व्यवस्था कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर, माणशी मासिक वा वार्षिक शुल्क भरून मिळते. शाखा एका ठिकाणी व मालक दुसऱ्या ठिकाणी असलेल्या आपल्यासारख्यांना तीच सोयीची आहे.

२. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या कंपनीवर सायबर हल्ला झाला. औषधविक्रेते व विमा कंपन्या यांच्यामधील देवाणघेवाण ही कंपनी सांभाळीत असे. हल्ल्यानंतर देशभरातील औषधालयांत चिकित्सापत्रांचे व्यवहार अडले. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलेले कारण अगदी साधे होते. चोरलेल्या पासवर्डने हल्लेखोर आत आले आणि त्या प्रवेशद्वारावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा हल्ल्यामुळे बंद पडली आणि कित्येक दिवस नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कागदावर करावी लागली.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार, माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. प्रवेशावर नियंत्रण, कोणी काय पाहिले याची नोंद आणि ती नोंद एक वर्ष जपणे, या अपेक्षा त्या नियमांत आहेत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. सर्व शाखांत एकच नाव वापरणाऱ्या चिकित्सालयास ‘कोणी पाहिले’ या प्रश्नाचे उत्तर देता येणे शक्य नाही.

३. आधी निदान, मग औषध

विक्रेता येतो, पडद्यावर सुंदर चित्रे दाखवितो आणि आपण मोहात पडतो. रोगी न तपासता औषध देण्यासारखेच हे आहे. खरेदीपूर्वी एका कागदावर चार याद्या कराव्यात.

पहिली, माणसांची यादी. यात कायम, अर्धवेळ, प्रशिक्षणार्थी वैद्य, हिशेबनीस व संगणक दुरुस्त करणारा बाहेरचा मनुष्य हे सर्व यावेत. दुसरी, उपकरणांची यादी. त्यात कर्मचाऱ्यांचे खासगी मोबाइलही धरावेत, कारण रुग्णांची छायाचित्रे व नाडीपरीक्षणाच्या नोंदी बहुधा त्यांवरच असतात. तिसरी, प्रणालींची यादी. रुग्णपत्रिका, बिलिंग, ईमेल, निर्माणशाळेतील बॅच नोंदी, बँक व कर यांची खाती. चौथी यादी सर्वांत महत्त्वाची, म्हणजे कोणास काय दिसावे याची.

आमची यादी झाली तेव्हा बावीस माणसांमागे एकतीस उपकरणे निघाली आणि नोकरी सोडलेल्या पाच जणांचे प्रवेश चालू असल्याचे आढळले. शिवाय आमचे बहुतेक लॅपटॉप विंडोजच्या होम आवृत्तीचे होते. ही आवृत्ती संस्थेच्या ओळखव्यवस्थेशी पूर्णपणे जोडता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. हा खर्च सॉफ्टवेअरच्या भावपत्रकात दिसत नाही, पण करावा लागतो.

४. निवडीचे निकष

(अ) आपल्या प्रणालींशी जुळणी. एकदा ओळख पटली की ईमेल, रुग्णपत्रिका व बिलिंग सर्व उघडावे, यास सिंगल साइन-ऑन म्हणतात. त्यासाठी आपले रुग्णपत्रिकेचे सॉफ्टवेअर सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट यांपैकी एक मानक पद्धत समजणारे असावे. ते त्याच्या विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तसे नसेल, तर महागड्या ओळखप्रणालीचा अर्धा लाभ वाया जातो.

(आ) दुसऱ्या टप्प्याची पडताळणी. मोबाइल संदेशाने येणारा अंक नसल्यापेक्षा बरा. परंतु सिमकार्डाची फसवणूक करून तो पळविता येतो. ऑथेंटिकेटर ॲप अधिक चांगले आणि पासकी किंवा खिशातील सिक्युरिटी की सर्वोत्तम. येथे आपल्या व्यवसायाची एक अडचण सांगतो. अभ्यंग करणाऱ्याच्या तेलकट बोटांचा ठसा यंत्र वाचत नाही. म्हणून पंचकर्म कक्षासाठी ठशाखेरीज दुसरी सोय आहे का, ते प्रत्यक्ष करून पाहावे.

(इ) सामायिक उपकरणे. काउंटरवरील एका संगणकावर दिवसभरात चार माणसे बसतात. प्रत्येकाची ओळख वेगळी राहून अदलाबदल काही सेकंदांत झाली पाहिजे. ती लांबली, तर गर्दीच्या वेळी सगळे एकाच नावाने काम करू लागतात आणि मूळ रोग परत येतो. टॅब्लेटवर ठरलेलीच ॲप्स उघडतील अशी किऑस्क सोय असल्यास उत्तम.

(ई) खासगी मोबाइल. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवता येतो. नोकरी सोडताना तेवढाच कप्पा पुसला जातो, घरची छायाचित्रे तशीच राहतात. हे कर्मचाऱ्यांना आधी समजावून त्यांची लेखी संमती घ्यावी. ‘‘साहेब आमचा फोन पाहतात’’ असा समज पसरला, तर कोणतीही प्रणाली चालणार नाही.

(उ) निरोपाचा क्षण. एका बटणाने जाणाऱ्याचे सर्व प्रवेश बंद होतात का, हे विक्रेत्यास समोर करून दाखविण्यास सांगावे. माझ्या मते हा एकच निकष बाकीच्या सर्वांहून मोठा आहे.

(ऊ) नोंदी व निर्गमन. नोंदी किमान वर्षभर जपता येतात का? उद्या कंपनी बदलावयाची झाल्यास माणसांची व उपकरणांची यादी बाहेर काढता येते का? माहिती कोणत्या देशातील संगणकांवर राहते? उत्तरे करारात यावीत.

५. उपलब्ध पर्याय

येथे कोणाची शिफारस करण्याचा हेतू नाही, केवळ दिशा दाखवितो. ज्यांचे सर्व काम मायक्रोसॉफ्टच्या ईमेल व विंडोजवर चालते, त्यांनी एन्ट्रा आयडी व इनट्यून ही जोडी पाहावी. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम योजनेत दोन्ही येतात व ती ३०० माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी आहे. ज्यांचे ईमेल गूगल वर्कस्पेसवर आहे त्यांच्याकडे ओळखव्यवस्था व प्राथमिक उपकरण व्यवस्थापन आधीच असते, प्रगत सोयी वरच्या योजनांत मिळतात. विंडोज, मॅक व लिनक्स अशी मिश्र उपकरणे असल्यास जंपक्लाउड हा पर्याय विचारात घेतला जातो. ओक्टा मुख्यत्वे ओळख व प्रवेशासाठी प्रसिद्ध आहे. लहान चिकित्सालयास ती प्रणाली मोठी पडते. भारतीय कंपन्यांत झोहोच्या ओळख व उपकरण व्यवस्थापनाच्या प्रणाली आहेत. पुण्यातील स्केलफ्यूजन उपकरण व्यवस्थापनासाठी आणि पुण्यातीलच मिनीऑरेंज ओळख व प्रवेशासाठी आहे. टॅब्लेट व मोबाइल अधिक असणाऱ्या औषधालयांनी हे पर्याय अवश्य पाहावेत. मराठीतून बोलून अडचण सुटणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आम्ही आधीच चालू असलेली ईमेलची ओळखव्यवस्था कायम ठेवली आणि उपकरण व्यवस्थापन स्वतंत्र घेतले. दुसऱ्याच्या बाबतीत उत्तर वेगळे येऊ शकेल. प्रकृती पाहून चिकित्सा हाच नियम येथेही लागू पडतो.

६. औषधाचे उपद्रव

कोणतेही औषध निरुपद्रवी नसते. सर्व किल्ल्या एका ठिकाणी ठेवल्या, की ते ठिकाणच हल्लेखोरांचे लक्ष्य होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टाच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेतच परकी व्यक्ती शिरल्याचे उघड झाले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. सर्वाधिकार असलेली खाती दोन विश्वासू व्यक्तींकडे असावीत, एकाकडेच नसावीत. एक आपत्कालीन खाते तयार करून त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. इंटरनेट बंद असताना दिवसभराचे काम कसे चालेल, याची कागदी व्यवस्था तयार असावी. वीज गेली म्हणून रुग्ण परत पाठविणे वैद्यास शोभत नाही.

ज्यांच्याकडे एक वैद्य व दोन मदतनीस एवढाच पसारा आहे, त्यांनी यांपैकी काहीही विकत घेण्याची घाई करू नये. प्रत्येकाचे वेगळे खाते, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, उपकरणास स्क्रीन लॉक आणि सोडून जाणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करण्याचा दंडक, एवढ्याने बराचसा धोका टळतो व पदरचा पैसाही जात नाही.

७. अंमलबजावणीचा क्रम

प्रथम एकच शाखा निवडून महिनाभर प्रयोग करावा. पहिल्या आठवड्यात ओळख, दुसऱ्यात पडताळणी, नंतर उपकरणे, असा क्रम ठेवावा. सर्व एकदम लादल्यास माणसे वैतागतात. महिन्याच्या शेवटी दोन परीक्षा घ्याव्यात. एका टॅब्लेटची खोटी चोरी घडवून त्यातील माहिती किती वेळात पुसली जाते ते पाहावे, आणि एका माणसाचा खोटा राजीनामा घेऊन त्याचे सर्व प्रवेश खरोखर बंद होतात का ते पाहावे. आमच्या पहिल्या परीक्षेत बिलिंगचे खाते चालूच राहिले होते! परीक्षा घेतली नसती, तर ते कळलेच नसते. यापुढे दर तीन महिन्यांनी चारही याद्या समोर घेऊन बसावे.

आयुर्वेदाने वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रोगी आपले गुह्य वैद्यापाशी निःसंकोच बोलतो, तेव्हाच निदान होते. ते गुह्य आज आपण यंत्राच्या हवाली केले आहे. यंत्रास लाज नसते, जबाबदारी नसते; ती आपलीच राहते. पुढील अंक हाती येईपर्यंत प्रत्येक सभासदाने निदान एक गोष्ट करावी. आपल्याकडून गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकाचा प्रवेश बंद आहे का, ते स्वतः तपासावे, ही नम्र विनंती.