उपनगरातल्या गच्चीवरून गुरू

गुरू बघायला वांगणीला जाऊन रात्र काढायची गरज नाही. काळोखं आकाश लागतं ते तेजोमेघांना. गुरू अंधेरीच्या दिव्यांनाही पुरून उरतो. कधी दिसेल हे मात्र तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. बोरिवलीला पूर्वेकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, त्यामुळे उगवला तरी तो उशिरा वर येतो. पण मावळताना गोराई खाडीवर बराच वेळ रेंगाळतो. मुलुंडला नेमकं उलटं. घाटकोपरकरांनी आणखी एक काळजी घ्यावी. उतरणारी विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून येतात आणि समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा बराच वेळ जागचा हलत नाही. चार-पाच मिनिटं थांबा, विमान असेल तर निघून जाईल.

साधारण दर १३ महिन्यांनी पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्यामध्ये येते : २०२६ मध्ये जानेवारीत, २०२७ मध्ये फेब्रुवारीत. त्या सुमारास गुरू संध्याकाळी उगवतो आणि रात्रभर दिसतो. मध्यरात्री एवढं तेजस्वी काही दिसलं तर तो शुक्र नव्हे, कारण शुक्र सूर्यापासून इतका लांब जातच नाही.

आता १० बाय ५० ची साधी दुर्बीण घ्या आणि कोपरं कठड्यावर घट्ट टेकवा. हात हलला की सगळंच हलतं. गुरूच्या दोन्ही बाजूंना जवळपास एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. हे गुरूचे चंद्र : कधी चार, कधी तीनच. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या रात्री मांडणी बदललेली असते. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच टिपलं, आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तडा गेला.

आपला बृहस्पती देवांचा गुरू. रोमन ज्युपिटर मात्र वज्रधारी, आकाशाचा राजा. त्याचं नातं आपल्या इंद्राशी अधिक जुळतं. चारही चंद्रांची नावं त्याच्याच गोष्टींतली : आयो, युरोपा, कॅलिस्टो या त्याच्या प्रेमकथांतल्या स्त्रिया, गॅनिमीड त्याचा मद्य वाढणारा. आयोला भेटताना ज्युपिटरने ढगांचा पडदा ओढला, पण त्याची बायको जूनो हिला संशय आलाच आणि तिने तो पडदा दूर केला. २०११ मध्ये निघून जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या यानाचं नाव म्हणूनच जूनो. ते सूक्ष्मलहरी टिपून ढगांखालचा थर तपासतं आणि गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजतं. त्या मोजणीतूनच कळलं की गुरूवरच्या पट्ट्यांमधले वारे ढगांखाली सुमारे ३,००० किलोमीटर खोलवर वाहतात.