जिवाणूच्या फुग्यातून जनुकाचा प्रवास

तव्यावरची भाकरी टम्म फुगते तेव्हा वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या अंगावर असंच काहीसं सतत चालू असतं. त्यांना दोन आवरणं असतात. बाहेरचं आवरण मधेच कुठेतरी फुगतं, फुग्याचा देठ आवळत जातो आणि शेवटी फुगा तुटून बाहेर तरंगू लागतो. या फुग्यांना पुटिका म्हणतात. त्यांचा आकार साधारण २० ते २५० नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरच्या पुटिका एकीला एक लावून मांडल्या, तर एका मिलिमीटरमध्ये दहा हजार मावतील.

१९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा नीट दिसल्या. यात आपल्याकडचंही एक महत्त्वाचं काम आहे. कोलकात्याच्या एस. एन. चटर्जी आणि जे. दास यांनी १९६७ साली कॉलऱ्याच्या जिवाणूमधून असे फुगे बाहेर पडताना टिपले. हा जिवाणूने टाकलेला केरकचरा असावा, असं बरेच दिवस अनेकांना वाटायचं. पण आत डोकावल्यावर विषारी प्रथिनं निघाली, विकरं निघाली आणि डीएनए-आरएनएचे तुकडेही. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकंसुद्धा काही जिवाणू याच मार्गाने शेजाऱ्याला पोचवतात. थोडक्यात, जनुकं बांधून पाठवण्याचा हा धंदा माणसाच्या कितीतरी आधीचा आहे.

आपल्याला मात्र नेमकं तेच जड जातं. उघडा डीएनए रक्तात सोडला की विकरं त्याचा फडशा पाडतात. म्हणून वाहक लागतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचारात रुग्णाच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई, बाहेर काढतात, विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवं जनुक घालतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. रक्ताच्या कर्करोगात हे जमतं. घट्ट गाठीत शिरणं वेगळं. तिथे पुटिकांचा एक अवगुणच उपयोगी पडतो.

हा अवगुण म्हणजे त्यांचं कातडं. जिवाणूच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू ठासून भरलेला असतो. तो दिसला की आपली प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते. जास्त झाला तर ताप, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. पण याच खळबळीचा फायदा घ्यायचा प्रयत्न जुना आहे. १८९१ साली न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी कर्करुग्णांना मुद्दाम स्ट्रेप्टोकॉकस टोचले. सडकून ताप आला, काहींच्या गाठी ओसरल्या आणि काही जण संसर्गानेच दगावले. पुढे त्यांनी मारलेले जिवाणू वापरायला सुरुवात केली.

पुटिका जिवंत नसते, तिची संख्या वाढत नाही, त्यामुळे निम्मी भीती तिथेच जाते. उरलेल्या निम्म्यासाठी शास्त्रज्ञ जिवाणूचं एमएसबीबी नावाचं जनुक काढून टाकतात. मग लिपोपॉलिसॅकराइडच्या बुडाशी सहाऐवजी पाचच मेदाम्ल-साखळ्या उरतात. एक शेपूट कमी झालं, एवढंच. पण आपल्या पेशींवरचा संवेदक हा रेणू आता पूर्वीसारखा घट्ट पकडत नाही आणि बोंब बरीच कमी होते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

२०१७ मध्ये कोरियातील संशोधकांनी अशा रिकाम्या, मवाळ केलेल्या पुटिका उंदरांच्या शिरेत टोचल्या. त्या गाठीत जाऊन साठल्या आणि आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी नाहीशा झाल्या. इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन बनवूच न शकणाऱ्या उंदरांत मात्र काहीच घडलं नाही. म्हणजे काम पुटिकेने थेट केलं नव्हतं. तिने ते शरीराच्या फौजेकडून करवून घेतलं होतं.

पण गाठ काही कमी बेरकी नसते. इंटरफेरॉन गॅमा वाढलं की कर्कपेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवतात. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. क्योतोमध्ये तासुकु होन्जो यांच्या गटाने तो १९९२ मध्ये शोधला आणि २०१८ मध्ये त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पीडी-एल१ या ब्रेकवर बसलं की टी पेशी थंड पडते. म्हणजे पुटिकेने फौज बोलवावी आणि त्याच गडबडीत गाठीने ब्रेक दाबावा, असा पेच.

तो चीनमधल्या एका गटाने २०२२ मध्ये सोडवला. त्यांनी पुटिकेत पीडी-१चं जनुक असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, भरलं आणि कर्कपेशी ओळखणारा एक पेप्टाइड तिच्या अंगावर बसवला. जनुक गाठीत पोचलं आणि कर्कपेशी स्वतःच पीडी-१ बनवू लागल्या! त्यांचंच पीडी-१ त्यांच्याच पीडी-एल१ला चिकटून बसलं. टी पेशींच्या ब्रेकपर्यंत पोचायला पीडी-एल१ मोकळं राहिलंच नाही. जे काम महागडी प्रतिपिंडं टोचून करतात, ते गाठीकडूनच करवून घेतलं.

त्याच वर्षी दुसऱ्या चिनी गटाने पुटिकेच्या पृष्ठभागावर एमआरएनए चिकटवला. तो धरायला आर्किया गटातल्या एका सूक्ष्मजीवाचं प्रथिन आणि पेशीच्या आतल्या पिशवीतून निसटायला लिस्टेरिया या जिवाणूचं. आतड्याच्या कर्करोगाच्या नमुन्यात ३७.५ टक्के उंदरांच्या गाठी पूर्ण गेल्या.

प्रयोगशाळेत हे सगळं दिसतं मात्र फार साधं. जिवाणू वाढवलेला गढूळ द्रव आधी फिरवतात, जिवाणू तळाशी बसतात. वरचं पाणी बारीक गाळणीतून काढतात आणि गुरुत्वाच्या लाखभर पट जोराने पुन्हा फिरवतात. नळीच्या बुडाशी जेमतेम दिसेल असा थर उरतो, तोच माल. खरी अडचण इथेच आहे: दर खेपेला पुटिकांचा आकार आणि आतला ऐवज थोडा वेगळा निघतो, आणि औषधाला हे चालत नाही. शिवाय लिपोपॉलिसॅकराइड उंदीर जितकं पचवतो तितकं माणूस पचवत नाही.

पुटिका माणसाला टोचणं मात्र नवं नाही. मेंदूज्वराच्या बी प्रकाराविरुद्ध न्यूझीलंडने २००४ पासून पुटिकांचीच लस दिली आणि त्याच पुटिका असलेली बेक्सेरो लस २०१३ पासून युरोपात मान्य आहे. कर्करोगावर जनुक पोचवणाऱ्या पुटिकांचं औषध अजून कुठल्याही देशात मंजूर नाही. तेव्हा कुणी आजच त्याचं इंजेक्शन देऊ करत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.