मेंदूज्वर आणि मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र

पावसाळ्याच्या दिवसांत चिखली तालुक्यातील एखाद्या खेड्यात मुलाला सडकून ताप भरतो, झटके येतात आणि ते ग्लानीत जाते. घरच्या मंडळींना ही बाहेरची बाधा वाटते. वस्तुतः तो मेंदूज्वर असू शकतो. विदर्भास हा रोग अपरिचित नाही. 1965 साली नागपूरनजीकच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू शोधून काढला व त्यास गावाचेच नाव मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूशी निगडित साथीत 2003 साली आंध्र प्रदेशात 329 मुले आजारी पडली व 183 दगावली. बहुतेक मृत्यू रुग्णालयात आणल्यापासून 24 तासांच्या आत झाले.

आजाराच्या प्रारंभी सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा काहीच आढळत नाही. हे यंत्र मेंदूची रचना दाखविते. रक्तप्रवाहात मात्र त्यापूर्वीच फरक पडू शकतो. तो टिपणाऱ्या तपासणीस ‘स्पेक्ट’ म्हणतात. टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेल्या औषधाची अल्प मात्रा शिरेतून टोचतात. जेथे रक्त अधिक जाते तेथे ते अधिक साठते आणि डोक्याभोवती फिरणारा कॅमेरा त्याचे किरण टिपतो. विशेष असे की, चित्र काही वेळाने घेतले तरी ते टोचण्याच्या वेळच्या रक्तप्रवाहाचेच असते. त्यामुळे चुळबुळ्या मुलास आधी टोचून मागाहून झोपविता येते. या द्रव्याचे अर्धायुष्य अवघे 6 तासांचे आहे.

हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरात कानशिलामागील भागात रक्तप्रवाह वाढलेला दिसू शकतो. तथापि, झटका चालू असतानाही तो वाढतोच; शिवाय पहिल्या दोन वर्षांत बालकाच्या मेंदूचे चित्र प्रौढासारखे नसते. विषाणू कोणता, हे तर चित्र सांगतच नाही. त्यासाठी रक्त व पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी तपासावे लागते. एमआरआय अधिक उपयुक्त ठरल्याने आज स्पेक्टचे स्थान पूरक पुराव्याचे आहे.

अशी यंत्रे मोठ्या शहरांतच असतात, आणि उपचार त्यांच्यासाठी थांबत नाहीत. हर्पिसची शंका येताच डॉक्टर असायक्लोव्हिर सुरू करतात. चांदीपुरावर विशिष्ट औषध नाही. तेथे झटके, ताप व मेंदूची सूज आवरणे हाच उपचार होय. मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताप केव्हा आला आणि पहिला झटका किती वाजता आला, हे शिक्षकाने वा पंचायत सदस्याने कागदावर लिहून सोबत द्यावे. डॉक्टर प्रथम तेच विचारतात.