पेनड्राइव्हमधले फोटो का उडतात?

लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून कपाटात ठेवले. काही वर्षांनी लावून पाहिला, तर निम्मे उघडेनात. पेनड्राइव्ह ना पडला, ना भिजला. मग बिघडलं काय?

त्याच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. फोटो साठवताना त्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात. कुठल्या कप्प्यात किती, यावरून चित्र पुन्हा उभं राहतं. पण कप्प्याची भिंत माठासारखी, आतलं हळूहळू पाझरतंच. उष्णतेत ही गळती वाढते, आणि सारखं पुसून-लिहून झिजलेल्या चिपमध्ये तर फारच. त्यात जेपीईजी फोटोची माहिती दाबून बसवलेली असते, त्यामुळे जरासा भाग बिघडला तरी खालचं अर्धं चित्र करडं पडू शकतं.

हार्ड डिस्क चुंबकीय असते. तिथे अशी गळती नाही, पण फिरते भाग अडकतात. म्हणूनच छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम मला मनापासून पटतो: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर चालेल. मात्र सिंक सुरू असताना फोनवरून फोटो डिलीट केला, की तो तिकडूनही जातो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. तेवढ्यातच तो परत आणता येतो.