सराफ्यातले पाहुणे आणि गावचं छप्पर

जबलपूरच्या सराफा भागातल्या ज्या मराठी घरांचं गावाकडे जुनं कवेलूचं घर अजून उभं आहे, त्यांच्यासाठी ही पोस्ट. मृग लागण्याआधी मामा, आत्या, भाचे जमवून कवेलू फेरून घ्या. जबलपुरात पाऊस जूनच्या उत्तरार्धात धरतो, म्हणजे मे महिनाच हाती.

देशी नळीची कवेलू एकमेकांत अडकत नाहीत, नुसती एकावर एक टेकलेली असतात. वारा, मांजरं आणि माकडं (विशेषतः माकडं!) ती सरकवतात. मंगळुरी कौलांना खाचा असतात, म्हणून ती तशी हलत नाहीत. बासल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि देशी नळ्यांचं राज्य हळूहळू आटलं.

या कामाला माणसं जास्त लागतात, कारागिरी थोडी. वर दोघंच, हलक्या वजनाचे. थेट कवेलूंवर पाय नको. उतारावर शिडी आडवी टाकली की भार वाशांवर पसरतो. बाकीच्यांनी साखळी करून कवेलू खाली-वर द्यायची. साचलेला पाला झाडा, फुटकी बाजूला काढा, वाशांना वाळवी आहे का ते टोचून बघा. लावताना वळचणीपासून आढ्याकडे जायचं, म्हणजे वरचं कवेलू खालच्यावर चढतं आणि पाणी आत शिरत नाही.

भिंतींसाठी कटनीचा चुना जवळच मिळतो. तो आदल्या दिवशी भिजवा, पण मुलांना लांब ठेवून. विरताना तो उकळतो. आत्याबाईंना स्वयंपाकघरात अडकवू नका, फुटकी कवेलू निवडायला त्यांचीच नजर लागते.